कोंडाण्यावरून जाणारी रेघ

मुंबईच्या सहार विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती भरते सुमारे 124 किलोमीटर. या रेघेचा मध्य शोधायला गेलं की बोट राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांच्या आसपास टेकतं. महाराष्ट्रातल्या दोन सगळ्यात गजबजलेल्या शहरांच्या मधोमध काय आहे, तर उल्हास नदीचं उगमाकडचं खोरं, पावसाळ्यात धबधब्याआड जाणारा एक चैत्य आणि त्याच्या डोक्यावर सह्याद्रीचा कडा. या रेघेवरून रस्ता जात नाही, लोहमार्ग जात नाही आणि गंमत म्हणजे विमानही जात नाही.

‘हवाई अंतर’ म्हणून जो आकडा आपल्याला दिला जातो तो असा असतो. गणिताला चोख, आणि त्यावरून चालून, धावून किंवा उडून गेलेला माणूस सापडणं कठीण. मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 13,500. हे आकडे ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या घरांत पाठ असतात. पण त्या आकड्यांत आणि खऱ्या प्रवासात काय काय येतं, हे समजून घ्यायला कोंडाण्याइतकी सोयीची जागा नाही. इथे एकाच दरीत दोन हजार वर्षांची अंतरं एकावर एक रचलेली आहेत.

कर्जत स्टेशनाबाहेर टमटम मिळते. ती कोंडिवडे गावापर्यंत सोडते आणि पुढे पायवाट. ठाकरवाडीतली पोरं वाट दाखवायला येतात, न बोलावताही. अर्ध्या-पाऊण तासाच्या चढानंतर झाडीतून एकदम दगडाचा दर्शनी भाग समोर येतो. लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची, बौद्ध, हीनयान काळातली. चैत्याच्या खांबांचे खालचे भाग तुटलेले आहेत, त्यामुळे वरचं छत हवेत लटकल्यासारखं वाटतं. दर्शनी भागावर लाकडी सज्जे, जाळ्या, कठडे हुबेहूब कोरलेत. सुताराचं काम पाथरवटाने दगडात उतरवलेलं, अगदी लाकडाच्या जोडांसकट. डाव्या अंगाला एका भग्न यक्षमूर्तीशेजारी ब्राह्मी लेख आहे. कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक, त्याने हे काम केलं, एवढंच त्यात म्हटलंय. कुठून आला, किती दिवस लागले, कुणी पैसे दिले, काही नाही.

हे लेणं इथे का, याचं उत्तर अंतरातच आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली कोकणात, आणि जुन्नर, पैठण, तेर या बाजारपेठा वर देशावर. मध्ये सह्याद्री. बैलांचे तांडे घाट चढायच्या आधी जिथे थांबत, जिथे पाणी असे, तिथे विहार कोरले गेले. कोंडाण्याच्या वर राजमाची, राजमाचीच्या पलीकडे लोणावळ्याजवळची भाजे, कार्ले, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठीचं नाव कोरलेलं आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. तिथला व्यापारी कार्ल्यात शैलगृह पुरं करवतो आणि जंबुद्वीपात याच्याहून उत्तम नाही असं लिहून ठेवतो. त्याच चैत्यात यवन दात्यांचीही नावं आहेत. लांबच्या माणसांना इथपर्यंत आणणारी वाट कुणी पट्टी लावून आखलेली नव्हती. जिथे बैल चढेल तिथून ती गेली.

बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाची कथा जुन्या हायवेने जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा गुरं राखणाऱ्या एका धनगराने ती दाखवली आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती उतरते हा वेगळा प्रश्न. पण लोकांनी ती टिकवलीय, आणि देवळासमोर आजही नाणं टाकून गाडी पुढे काढतात.

पुढचं मात्र कागदोपत्री आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने बोरघाट चढायचा आराखडा केला. 37 फुटांना 1 फूट असा चढ, बोगद्यांमागून बोगदे, कमानींचे पूल. चढ एका दमात बसेना म्हणून मध्ये गाडी उलट्या दिशेने काढायचं स्टेशन करावं लागलं. ते 1929 मध्ये टाळता आलं. 1861च्या सुमाराला या घाटात एकाच वेळी 42,000 मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही, व्यवस्थापक नेमून काम पुरं करून घेतलं. 1863मध्ये गाडी घाट चढली. कॉलरा, सुरुंग आणि दरडी यांत किती मजूर गेले याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. ट्रेडवेलबाईंचं नाव मात्र राहिलं.

कर्जत ते लोणावळा सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर आहे. रेल्वेने ते 28 होतं. म्हणजे डोंगराने 8 किलोमीटरचा कर घेतला, आणि तोही फार नाही. खरा कर वेळेचा. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनं जोडतात, तोवर फलाटावर वडापावचा धंदा होतो. कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ती या थांब्यावर उभी आहे. घाट उतरणाऱ्या गाड्यांना मंकी हिल, ठाकूरवाडी इथे ब्रेक तपासायला थांबवतात. फेब्रुवारी 2023पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. इंजिनिअरांना त्याचा अभिमान, वडेवाल्यांना नाही.

मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटर, आणि विमानाच्या रेघेचे 124. म्हणजे कागदावर विमानाने 68 किलोमीटर वाचतात. मग या दोन शहरांमध्ये विमानसेवा जोरात चालायला हवी होती. ती अधूनमधून सुरू होते आणि बंद पडते. कारण सोपं आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून विमान बहुधा पश्चिमेला, समुद्राकडे उडतं. तिथून वळायचं, उंची घ्यायची, आणि उंची घेऊन होते न होते तोच उतरायची तयारी. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथल्या वेळा आणि वाटा हवाई दलाच्या सोयीने ठरतात. एवढं करून सहारला दोन तास आधी पोचायचं, ते वेगळंच. विमानाला घाट लागत नाही हे खरं, पण आखूड अंतर हाच त्याचा घाट.

आणि सह्याद्री विमानालाही अगदीच लागत नाही असं नाही. 7 जुलै 1962ला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, अलिटालियाचं डीसी-8 विमान सिडनीहून रोमला जाताना, बँकॉकहून मुंबईत उतरायच्या बेतात होतं. पाऊस, अंधार. वैमानिकाला वाटलं आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत, आणि त्याने वेळेआधी उंची सोडली. विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. 94 जण गेले. चारेक हजार फुटांचा डोंगर आहे हे नकाशात होतं. आपण नेमके कुठे आहोत, मुंबई अजून किती लांब आहे, एवढाच हिशेब चुकला होता.

आता लांबच्या प्रवासाकडे येऊ. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही दोन शहरं जोडणारी रेघ अरबस्तान, लिबिया, अल्जीरिया करत अटलांटिक ओलांडते. गोलावरचा ताणलेला दोरा तिकडे फिरकतच नाही. तो वायव्येला निघतो. बलुचिस्तान, अफगाणिस्तानातलं हेरात, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, रशियात व्होल्गाकाठचं सारातोव्ह, मग फिनलंड, स्वीडन-नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, लॅब्राडोर, आणि वरून खाली न्यूयॉर्क. साडेबारा हजार किलोमीटरांचा आकडा या दोऱ्याचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर आणखी वर चढतो. मुंबईहून निघून हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया, आणि 76 अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन मग अमेरिकेत उतरतो. पॅसिफिक किनाऱ्यावरचं शहर गाठायला जवळची वाट आर्क्टिक समुद्रावरून आहे, हे पटायला गोल हातात घ्यावाच लागतो.

हे गणित करणाऱ्याला फक्त दोन शहरांचे अक्षांश-रेखांश लागतात. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. त्या अंशाचा साठावा भाग म्हणजे सागरी मैल, 1,852 मीटर. वैमानिक आजही त्यातच बोलतात. पृथ्वी थोडी चेपलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या 6,378 आणि ध्रुवांकडची 6,357 किलोमीटर, म्हणून शेवटच्या काही किलोमीटरांत फरक पडतो. बाकी या आकड्याला ना वारा माहीत, ना सरहद्द, ना पेट्रोलचा भाव.

वारा आधी घेऊ, कारण तो सगळ्यात जुना. समशीतोष्ण पट्ट्यात दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. अमेरिकेहून येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा, आणि फरक तासाभराहून जास्त पडू शकतो. ऑक्टोबर 2016मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्गच उलटा केला. आधी ते अटलांटिकवरून पश्चिमेला जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. नव्या मार्गाने ते पूर्वेला, पॅसिफिकवरून गेलं, सुमारे 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून ते साधारण दोन तास आधी पोचलं. वारा पाठीशी होता म्हणून. ज्याला नुसतं हवाई अंतर माहीत आहे त्याला ही गोष्ट सांगून पाहा, तो आधी आकडे उलटे छापलेत असं म्हणेल.

मग डोंगर. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून विमान सहज जातं, अडचण बिघाडाची. एक इंजिन बंद पडलं किंवा केबिनमधला हवेचा दाब गेला तर खाली उतरायला जागा हवी. पठारच जर पाच किलोमीटर उंच असेल तर उतरणार कुठे? म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा तो सुरेख दोरा तिथे तोडावा लागतो. प्रत्येक क्षणी जवळपास उतरता येईल असा विमानतळ असला पाहिजे, हा नियम लांबच्या मार्गांचा खरा आराखडाकार आहे. 6 जून 2023ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरवलं. 216 प्रवासी, 16 कर्मचारी. एरवी ज्या गावाचं नावही कुणी ऐकलं नसतं तिथे त्यांनी वसतिगृहांत, शाळेत रात्र काढली. त्यांना पुढे न्यायला दुसरं विमान मुंबईहून पाठवलं गेलं.

आणि शेवटी परवानगी. न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, मराठी घरं बरीच आहेत. तिथे जाणाऱ्यांना नेवार्कचं थेट विमान म्हणजे घरासमोर उतरल्यासारखं. युनायटेडचं मुंबई-नेवार्क विमान वर्षानुवर्षं चालत होतं. फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, आणि मार्च 2022मध्ये युनायटेडने ही सेवा थांबवली. मुंबई आणि नेवार्क एकमेकांपासून तसूभर हलली नव्हती. सारातोव्हवरून जायचं नाही म्हटल्यावर वळसा पडला, वळशाला इंधन लागलं, इंधनाला माणसं आणि सामान कमी घ्यावं लागलं, आणि हिशेब बसेनासा झाला.

एअर इंडियाला रशियाचं आकाश खुलं राहिलं, म्हणून काही काळ फायदा तिच्या पदरात पडला. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान तिने डिसेंबर 2022मध्ये सुरू केलं. पण 24 एप्रिल 2025ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. 2019मध्येही बालाकोटनंतर सुमारे पाच महिने तसं झालं होतं. दिल्लीहून पश्चिमेला निघालेली विमानं आता आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावर येतात. उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. मुंबईला याचा चटका कमी, कारण तिच्या दारातच समुद्र आहे. भूतपाल शेठीच्या काळीही तिकडचा माल इकडे येई तो याच समुद्राने.

स्वातंत्र्यानंतर आपलं पहिलं लांब पल्ल्याचं विमानही याच समुद्रावर झेपावलं. 8 जून 1948ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून 35 प्रवासी घेऊन निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला उतरलं. त्याआधी बहुतेकांना लंडन म्हणजे बोट. 1869मध्ये सुएझ कालवा खुला होईपर्यंत तर आफ्रिकेला वळसा, सुमारे 20,000 किलोमीटर. कालव्याने ते साडेअकरा हजारांच्या घरात आलं. विमानाचा दोरा 7,200. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की प्रगती सरळ उतरत आलेली दिसते. 2022नंतरचं नेवार्क त्या उतरंडीत बसत नाही. अंतर एकदा कमी झालं की झालं, असं काही नसतं, एवढं त्यावरून कळतं.

कर्जत-खालापूरच्या लोकांना विमान हे फार काळ वरून जाणारं काहीतरी होतं. मुंबईत विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतात, त्यामुळे संध्याकाळी माथेरानच्या डोंगरावर त्यांचे दिवे ओळीने दिसतात. आता विमानतळच जवळ आलाय. उलव्याची टेकडी उडवून, नदीचा प्रवाह वळवून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. 8 ऑक्टोबर 2025ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. कोंडाण्यापासून तो सरळ रेषेत 37 किलोमीटरांवर आहे. त्याच्या प्रभावक्षेत्राची, ‘नैना’ची, आखणी 2013मध्ये झाली तेव्हापासून खालापूर, कर्जतच्या सातबाऱ्यांना पंख फुटलेत. जमिनीच्या जाहिरातींत आता रस्त्याचं अंतर सांगत नाहीत, ‘विमानतळापासून 40 मिनिटं’ असं लिहितात. कुठल्या वेळेची 40 मिनिटं, हे चौक फाट्याच्या रहदारीत अडकलेल्याला विचारावं. पनवेल-कर्जत नवा उपनगरी मार्ग 29.6 किलोमीटरांचा, त्यात वावर्ल्याचा बोगदा 2,625 मीटर. द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली तीही 6 किलोमीटर वाचवायला. आपल्याकडे 6 किलोमीटरांसाठी डोंगर पोखरतात, आणि आकाशात दीड हजार किलोमीटरांचा वळसा एका सूचनापत्रकाने पडतो.

खुद्द कोंडाण्याला यातलं काय आलं? उल्हासवरच्या कोंढाणे धरणाचं नाव सिंचन घोटाळ्यात गाजलं, नंतर ते सिडकोकडे गेलं, नव्या शहराला पाणी हवं म्हणून. लेण्यांवर शनिवार-रविवारी गर्दी असते. उधेवाडीला, म्हणजे राजमाचीच्या माचीवरच्या गावाला, कोंडाण्यातून चढून जायला धडधाकट माणसाला दोन-अडीच तास. गाडीने जायचं तर खोपोली, बोरघाट, लोणावळा आणि मग तो हाडं खिळखिळी करणारा रस्ता. वाट दाखवणाऱ्या पोराला विचारलं, वर किती लांब आहे? तो म्हणाला, “तुमाला की मला?”

कर्जतच्या दहिवलीत एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे बसलो होतो. मुलगी न्यू जर्सीत, नात चार वर्षांची. पूर्वी दोघं मुंबईहून थेट जायचे. आता आखाती देशात विमान बदलावं लागतं. काकूंचे गुडघे ठणठणीत, तरी दोघांच्या तिकिटावर व्हीलचेअर मागितलेली. “अहो, चालायला काय, मी अजून आठवड्याला कोंडिवड्याला जाते माहेरी,” काकू म्हणाल्या. “पण तिथे गेट बदललं की कुठे जायचं, कुणाला विचारायचं? व्हीलचेअर घेतली की तो माणूसच नेऊन सोडतो.” मुलीने एका कार्डावर चार वाक्यं इंग्रजीत लिहून दिलीत, कुठून आलो, कुठे जायचंय, मधुमेह आहे, मुलीचा फोन. ते कार्ड लॅमिनेट करून पासपोर्टमध्ये ठेवलंय. काकांना किलोमीटर पाठ आहेत, साडेबारा हजार, मार्ग बदलल्यावर नवा आकडाही त्यांनी काढलाय. काकूंचा हिशेब वेगळा. जाताना बावीस तास, त्यातले चार मधल्या विमानतळावर, आणि डब्यात घेतलेल्या दशम्या तिथे तपासणीच्या आधी संपवायच्या.